चोवीस बाटल्यांचा उसासा

सोलापूरच्या उन्हाविषयी मी आजवर जे जे सांगितलं, त्यातलं निम्मं खरं आहे. मंद्रूपच्या बाजारात एक म्हातारी नुसती परात उन्हात धरून कडक भाकरी भाजायची, हे त्या निम्म्यातलं. भाकरीला राख लागत नाही म्हणून गिऱ्हाईक खूश. दुसऱ्या निम्म्याबद्दल कुणी फार खोलात जाऊ नये.

पण चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यातली ही गोष्ट मी फार कमी वेळा सांगितली आहे. तिच्यात पदरचं काही घालायला जागाच उरलेली नाही. जे घालायचं ते मी तेव्हाच घालून बसलो होतो, आणि पुढचं सगळं त्यानंच झालं.

माझा सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पुढच्या दोन खोल्या, हातानं फिरवायचं एक यंत्र, वायूची दोन सिलिंडरं आणि गोळीच्या बाटल्यांची लाकडी खोकी. मागं घर. पाणी आणि वायू माझ्याकडं, बाटल्या बायकोकडं, म्हणजे चन्नम्माकडं. यंत्र फिरवायला गुंडा. माझ्या सोड्याला जोर असा, की टेंभुर्णीच्या एका लग्नात वाजंत्र्यानं बाटली रिकामी करून सनई तोंडाला लावली, फुंकलं काहीच नाही, नुसता ढेकर दिला, आणि नवरदेव घोड्यावरनं उतरून मांडवात जाईपर्यंत सूर चालू होता.

हा जोरच एकदा नडला. सदुसष्टच्या उन्हाळ्यात एक बाटली गुंडाच्या तोंडापुढं फुटली आणि त्याचा डावा डोळा गेला. त्या दिवसापासून चन्नम्मानं एक रीत पाडली. उन्हाळ्यात दुपारचे तीन वाजले की ती खोक्यांपाशी बसायची. एकेका बाटलीला कान लावायची, हात लावायची, आणि जी तिला तटतटलेली वाटेल तिची गोळी लाकडी दट्ट्यानं जराशी दाबायची. पुस्स. ह्याला आमच्या घरात उसासा काढणं म्हणत. गिऱ्हाईक म्हणायचं, सोडा जरा मिळमिळीत लागतोय. ती आतूनच म्हणायची, "डोळ्यापरीस बरा."

आठ मेला सकाळी आमचा जावई दारात उभा राहिला. रेवणसिद्ध. हैदराबादेत एका शास्त्रीय संस्थेत कामाला होता, आमची शिवबाई त्याला दिलेली. रेल्वेचा संप त्या दिवशी सुरू होणार हे साऱ्या हिंदुस्थानाला माहीत होतं. ह्याला नव्हतं, कारण हा सात महिने एका परदेशी जहाजावर, दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात होता. मुंबईत उतरला, आदल्या रात्री हैदराबादची गाडी धरली, आणि ती गाडी सोलापुरात येऊन जी थांबली ती थांबलीच.

बरोबर एक मोठी पेटी. आत पत्रा, भोवती भुसा. अंगावरचा सदरा घामानं चिकटलेला, आणि पाया पडायच्या आधीच म्हणाला, "मामा, बर्फ हाय का?"

"जावईबापू, आधी पाणी तरी प्या की."

"बर्फ, मामा. आधी बर्फ."

पेटीत काचेच्या चोवीस बाटल्या होत्या. काचेचंच बूच, त्याला तुपासारखं काहीतरी चोपडलेलं, वरनं तारेची पकड. प्रत्येकीवर चिठ्ठी. बाकीच्या शेकडो बाटल्या परदेशी लोकांनी नेल्या होत्या. ह्या चोवीस आपल्या देशाच्या वाट्याच्या, म्हणजे ह्याच्या. ह्यांच्यावर त्याचा पुढचा सगळा अभ्यास उभा होता. मी गुंडाला पिटाळलं, बर्फाची अर्धी लादी आणवली, फोडून पेटीत भरली, तेव्हा कुठं जावयानं तांब्या तोंडाला लावला.

संध्याकाळी ओट्यावर बसलो तेव्हा मी विचारलं, "समुद्राचं पानीच आनायचं तर मुंबईला काय कमी हुतं?"

तो हसला. "मामा, तुमी सोड्याला पानी गार का घेता?"

"ऊन पानी वायू धरत न्हाय. गार पानी गच्च धरतं."

"बास. निम्मा अभ्यास झाला तुमचा." मग तो सांगायला लागला. तिथलं पाणी इतकं गार, की मीठ नसतं तर कधीच थिजलं असतं. वारा त्याला रात्रंदिवस झोडपतो. हवेत जो कोळशाच्या धुराचा वायू असतो, आपल्या गिरणीच्या चिमणीतनं निघतो तोच, माझ्या सोड्यात असतो तोच, हे पाणी तो वायू पिऊन घेतं. मग असं गार, खारट, जड झालेलं पाणी खाली तळाला जातं.

"आन् बसतं तितंच?"

"सरकत राहतं. शेकडो वर्षं. आन् मग कुटंतरी परत वर येतं. त्याच दक्षिण समुद्रात वारा वरचं पानी बाजूला सारतो, खालचं जुनं पानी वर येतं, आन् कोंडलेला वायू हवेत सोडतं."

"म्हंजे एका तोंडानं प्यायचं, दुसऱ्या तोंडानं ढेकर द्यायचा."

"व्हय. पन पितो जास्त का ढेकर देतो जास्त? हिवाळ्यात वर बर्फाचं झाकण बसतं तवा काय व्हतं? कुनालाच नक्की ठावं न्हाय. हा वायू हवेत वाढला की जग तापतं, मामा. समुद्र आपल्या वाटचा किती पितोय, अजून किती पिईल, ते ह्या बाटल्यांत हाय." त्यानं एक बाटली काढून दाखवली. "ही चार हजार मीटर खालची. हे पानी शेवटचं आभाळाखाली कवा हुतं, तर आपल्या सिद्धरामेश्वरांनी तळं खोदलं त्या सुमाराला, आठशे वर्सांमागं."

मी बाटलीला नमस्कार केला. त्या नमस्कारात मस्करी नव्हती.

"एक ध्यानात ठिवा," जावई म्हणाला. "बर्फ थोडा कमी पडला तर एक येळ चालंल. पानी तापून वायू बाहेर आला तरी बाटलीतच राहील, हैदराबादेत मोजता येईल. पन बूच हलता कामा नये. केसभर जरी हललं, ती बाटली मेली. मामींना तेवढं सांगा."

मामींना मीच सांगायचं, कारण आमच्याकडं सासू जावयापुढं येत नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण चन्नम्मा त्याच्याशी एक शब्द समोरासमोर बोलली नव्हती. भाकरी हवी का, पाणी तापवू का, सगळे निरोप माझ्यामार्फत. दोन माणसांच्या मधे निरोप्या म्हणून देवानं मला ठेवावं, ही त्याची चूक.

बुचाला हात लावू नको, एवढं चार शब्दांचं काम होतं. पण चार शब्दांचा निरोप मी जन्मात कधी पोचवला नाही. मी आत गेलो आणि आवाज खाली आणून म्हणालो, "त्या पेटीपासनं लांब ऱ्हा. दक्षिण समुद्राचा श्वास हाय त्यात. आठशे वर्सं कोंडलेला. एक बाटली फुटली तर गिरनीची चिमनी आडवी हुईल, आपलं घर तर सोडूनच दे."

"अय्यो!" तिनं तोंडावर पदर धरला. "आन् जावई असलं घेऊन रेल्वेत बसलं?"

"शास्त्रज्ञ मानूस. त्येला भ्या नसतं."

माझा कयास असा, की भीती घातली की बाई फिरकणार नाही. पस्तीस वर्षं संसार केला, तरी मला हे कळलं नव्हतं, की चन्नम्मा भ्याली म्हणजे पळत नाही. पदर खोचते.

दुसऱ्या दिवशी गल्लीत बातमी झालीच. शेजारची गोजाबाई दारात येऊन उभी. "मल्लप्पा, बघू की तुमचा श्वास."

"बघून काय दिसनार? पानी हाय."

"मग दावाच. माज्या नळाला चार दिस झालं तेबी दिसलं न्हाय."

जावयालासुद्धा हसू आलं. त्यानंतर जाईपर्यंत तो पुन्हा हसला नाही.

त्यानं पहिल्याच दिवशी हैदराबादला तार केली होती. ट्रक धरून निघतो म्हणत होता, तेवढ्यात उत्तर आलं: हलू नका, संस्थेची गाडी येत आहे. वरच्यांचा हुकूम, मोडायचा कसा? दहा तारीख गेली. अकरा गेली. त्यानं पुन्हा तार केली. पुन्हा तेच उत्तर. गाडी येत आहे. तो सकाळी एकदा आणि दुपारी एकदा हैदराबादच्या रस्त्यावर जाऊन उभा राहायचा, आणि मानेवर धूळ घेऊन परत यायचा.

बारा तारखेला बर्फ आटला. आगगाड्या बंद म्हणून कोळसा नाही, कोळसा नाही म्हणून वीज नाही, वीज नाही म्हणून बर्फ नाही, असं सगळे एकमेकांना सांगत होते. बर्फाच्या कारखान्यावर सिद्धाप्पा असायचा, माझा वीस वर्षांचा दोस्त. त्याच्यापुढं मी हात जोडले.

"मल्लप्पा, चार लाद्या निघाल्यात सकाळधरनं," तो म्हणाला. "दवाखान्याला दिऊ, का तुज्या समुद्राला?"

मी जोडलेले हात खाली घेतले. त्यानं मूठभर चुरा माझ्या फडक्यात बांधून दिला. घरी पोचेपर्यंत फडकं नुसतं ओलं होतं.

मग आम्ही काय नाही केलं? पेटीवर ओली गोणपाटं टाकली. रांजणाखालची ओली वाळू काढून आत भरली. गुंडा विहिरीत उतरून बघून आला. तळाला गुडघाभर चिखल आणि एक बेडूक. तो म्हणाला, "मालक, बेडूकच म्हनतोय, बर्फ हाय का." जावई पेटीवर हात ठेवून बसायचा, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. तापमापक चाळीसच्या वर गेलं तेव्हा त्यानं ते बघायचं सोडून दिलं. "बुचं धरून हायत तवर काळजी न्हाय," असं तो मला सांगायचा. दिवसातनं दहा वेळा सांगायचा.

चौदा तारखेला दुपारी तो तारेच्या कचेरीत गेला. मी आणि गुंडा पुन्हा सिद्धाप्पाकडं गेलो, मिळाला तर चुरा आणायला. घरात चन्नम्मा एकटी. परत आलो तर ती पुढच्या खोलीत पेटीशेजारी भिंतीला टेकून बसलेली. पदर खोचलेला, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर असं समाधान, की चुलीवरचं दूध उतू जाता जाता तिनं वाचवलंय.

"झालं," ती म्हणाली. "उसासा काढला."

माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. "कशाचा?"

"कशाचा म्हंजे? ह्यांचा. तीन वाजता कान लावला तर आतनं कुरकुर आवाज. दोन बुचं तर वर सरकली हुती, डोळ्यांनी बघितलं म्या. तुमीच म्हनला न्हव, आठशे वर्सांचं कोंडलंय म्हनून? जावई सारखं वाकून वाकून बघत्यात पेटीत. गुंडासारखं झालं तर आपल्या शिवबाईनं काय करायचं?"

"किती काढल्या?"

"यल्ला."

"सगळ्या?"

"दोन निघंनात. बूच घट्ट. हात वळून आला माजा. बाकीच्यांची पकड काढली, बूच जरासं फिरीवलं, पुस्स झालं की लगीच बसीवलं. परत पकड लावून, पुसून, जितल्या तितं ठिवल्यात. जावयाला कळनारबी न्हाय."

खरंच कळलं नसतं. बाटल्या अशा ओळीत, अशा लख्ख, की आल्या त्या दिवशीही नव्हत्या. गुंडा माझ्याकडं एका डोळ्यानं बघत होता. मी खाली बसलो, आणि जे चार शब्द मी आठ तारखेला सांगायचे होते ते तिला तेव्हा सांगितले. तिनं ऐकून घेतलं. दोन्ही हात उलटे करून त्यांच्याकडं बघत राहिली.

गप्प बसलो असतो तर? हा विचार माझ्या मनात आला नाही असं मी म्हणणार नाही. जावई बाटल्या घेऊन गेला असता, मोजल्या असत्या, आकडे छापून आले असते. दक्षिण समुद्र अमुक इतका वायू पितो. लांबलांबच्या देशांतली माणसं ते वाचून माना डोलवत बसली असती, आणि त्यात आमच्या घरचा उसासा असता. मी आयुष्यात हजार थापा मारल्या, पण त्या ऐकणाऱ्याला त्या थापा आहेत हे ठाऊक असायचं.

जावई आला. तार पुन्हा तीच. मी उभा राहून सांगितलं.

त्यानं हात वर केला. "मामा, आज नको. आज खरंच अंगात त्राण न्हाय."

"थाप न्हाय ही."

"मामा, पाया पडतो तुमच्या—"

तेव्हा मधल्या दारातनं चन्नम्मा बाहेर आली. पदर कपाळावर ओढलेला, पण पावलं थेट त्याच्यापुढं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. "म्या सोडलं," ती म्हणाली. "तुमचं डोळं जातील म्हनून."

तो हळूच पेटीपाशी बसला. "सगळ्या, मामी?"

"दोन ऱ्हायल्यात."

त्याच्या पाठीचा कणा एकदम ताठ झाला. "कुटल्या?"

ती पेटीत वाकली. एका बाटलीवर बोट नेलं, मागं घेतलं. दुसरीवर नेलं. "न्हाय आठवत," ती म्हणाली. "समद्या सारक्याच की."

"थांबा. ग्रीस." तो उठला, एकेक बाटली उचलून दारातल्या उजेडात धरायला लागला. बूच फिरवलं असेल तर त्या चोपडलेल्या तुपात फिरल्याची रेघ दिसेल, असं तो म्हणाला. आम्ही सगळे मान पुढं काढून उभे. पहिली. दुसरी. सहावी. त्या उन्हानं तूप पातळ होऊन सगळीकडं सारखं पसरलं होतं. एकाही बुचावर रेघ नव्हती. चोविसावी बाटली त्यानं जागेवर ठेवली आणि सदऱ्याला हात पुसले.

"मोजून बघा की," मी म्हणालो. "मोजल्यावर कळंल की."

"आकडा येईल, मामा. चोवीसच्या चोवीस बाटल्यांचा येईल. पन तो समुद्राचा का आपल्या घरचा, ते आकडा सांगत न्हाय."

"परत आनता येतील."

"जहाज परत कवा जाईल ठावं न्हाय. गेलं तर मला न्हेतील का, ठावं न्हाय. आन् न्हेलं तरी ते पानी त्या वर्साचं असंल. ह्या वर्साचं न्हवं."

तो माझ्याकडं बघत होता. त्या नजरेत राग असता तर मी घेतला असता. पण तो आशेनं बघत होता. ह्या घरात कुणाला ना कुणाला, काही ना काही दिसलं असेल, अशा आशेनं. आणि माझी जीभ वळवळली, खोटं बोलत नाही. ही बघा, ही निळ्या चिठ्ठीची, आणि ती कोपऱ्यातली. मी दारातनं आलो तेव्हा हिच्या हातात तीच होती, निघत नव्हती. इतकं सोपं होतं. त्यानं विश्वास ठेवला असता. त्या घडीला त्यानं गोजाबाईच्या कोंबडीवरसुद्धा विश्वास ठेवला असता. माझा हात पेटीपर्यंत गेलाही.

मी तो हात गुडघ्यावर ठेवला. "मला ठावं न्हाय," म्हणालो.

त्यानं मान हलवली. खिशातनं पेन काढलं आणि एकेका चिठ्ठीवर बारीक अक्षरात काहीतरी लिहायला लागला. मी विचारलं, काय लिहिता? म्हणाला, बूच उघडलं असण्याचा संशय, सोलापूर, चौदा मे. चोवीस वेळा लिहिलं. ज्या दोन खऱ्या होत्या त्यांच्यावरही लिहिलं. मधेच पेन उमटेना, तर त्यानं ते झटकलं आणि पुढं लिहिलं. चन्नम्मा तिथंच उभी होती. आत जा, असं मी तिला म्हणालो नाही.

पंधरा तारखेला सकाळी दहाला जीप आली. रस्त्यात दोनदा मोडली होती म्हणे. ड्रायव्हर हैदराबादचा, मोठा उत्साही माणूस. उतरल्या उतरल्या मागचं फडकं उडवलं आणि अभिमानानं म्हणाला, "साब, देखो! रस्ते में तीन जगा बदल को लाया मैं. एक डल्ली भी गलने नहीं दिया." भली मोठी पेटी, आणि तिच्यात काठोकाठ बर्फ. पांढराशुभ्र, वाफाळणारा. इतका बर्फ मी त्या आठवड्यात स्वप्नातही पाहिला नव्हता.

आपली पेटी जावयानं आणि गुंडानं उचलून जीपमधे मागच्या सीटखाली सरकवली. नुसती. भुशासकट.

"साब, बरफ कायमें डालूँ?" ड्रायव्हर विचारत होता. "अंदर डालूँ?"

"उतरव हितंच," जावई म्हणाला. मग माझ्याकडं न बघता, दारात उभ्या असलेल्या सासूकडं वळला. "मामी, सरबत करा. गल्लीत वाटा."

तो दोघांच्याही पाया पडला. शिवबाईला काय निरोप, म्हणून विचारलं. चन्नम्मा म्हणाली, "सुकरूप पोचा." तेवढंच.

जीप गेली. बर्फाची पेटी आमच्या ओट्यावर, उन्हात. खालनं पाण्याची धार लागलेली. गोजाबाई भांडं घेऊन आली, मागनं आणखी चारपाच बाया. बर्फ बघून पोरं नाचायला लागली.

"काय वो मल्लप्पा," गोजाबाई म्हणाली, "इतका बर्फ! कुटनं आला, सांगा की."

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. जागाही करून दिली बसायला.

"काय न्हाय," मी म्हणालो. "भांडं धर."